रोजचे शंभर रुपये मनगटावर

भाच्याला पहिला घसघशीत बोनस मिळाला आणि रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर दोन फोटो आले. दोन्ही घड्याळं स्टीलची, दोन्हींच्या तबकड्या निळ्या, दोन्हींना डायलभोवती फिरणारी कडी. खाली प्रश्न : "मामा, यातलं महाग कुठलं, सांग बघू." उत्तर द्यायला मला फोटो मोठा करून बघावा लागला.

एक होतं ओमेगाचं सीमास्टर डायव्हर ३०० एम. स्टीलच्या पट्ट्यासकट शोरूममध्ये ते साधारण सहा लाखांच्या घरात जातं. दुसरं सिको फाइव्ह स्पोर्ट्स, तीस हजारांच्या आसपास. म्हणजे एकाच्या पैशात दुसरी वीस घड्याळं. मग या वीसपट किमतीत वीसपट असं काय मिळतं? आणि दुकानाच्या पायऱ्या उतरल्यानंतर पुढची दहा वर्षं कुठलं घड्याळ खिशाला किती लागतं? भाच्यासाठी मांडलेला तो हिशेब इथे देतो आहे. भाव मॉडेलप्रमाणे आणि महिन्याप्रमाणे बदलतात, म्हणून आकडे गोल धरले आहेत. घेण्याआधी त्यांच्या जागी तुमच्या दुकानातले आकडे घाला. हिशेबाची रीत तीच राहील.

आधी वेळेचं बोलू

ही दोन्ही घड्याळं ऑटोमॅटिक आहेत. त्यांत सेल नाही. हात हलला की आतलं वजन फिरतं, स्प्रिंग गुंडाळली जाते आणि ती उलगडताना काटे फिरतात. ओमेगाचं मशीन सेकंदाला सात ठोके देतं, सिकोचं सहा. सेलवरच्या घड्याळात मात्र क्वार्ट्झचा बारीकसा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ठोके जितके जास्त आणि जितके समान, तितकी वेळ पक्की. इथेच निकाल लागतो.

ओमेगाच्या या मशीनला स्विस मेट्रोलॉजी संस्थेचं, म्हणजे 'मेटास'चं, प्रमाणपत्र असतं : दिवसाला शून्य ते पाच सेकंद पुढे, मागे अजिबात नाही. सिकोच्या ४आर३६ या मशीनची कंपनीने दिलेली मर्यादा दिवसाला ४५ सेकंद पुढे ते ३५ सेकंद मागे अशी आहे. प्रत्यक्षात बहुतेक घड्याळं याहून बरी चालतात, पण कागदावरची मर्यादा ही. आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारं टायटन किंवा कॅसिओचं सेलवरचं साधं घड्याळ? महिन्याला पंधरा-वीस सेकंदांचा फरक. दिवसाचा नाही, महिन्याचा.

तेव्हा वेळ बघायला घड्याळ हवं असेल तर हा लेख इथेच मिटा आणि दोन-तीन हजारांचं सेलवरचं घड्याळ घ्या. तुम्ही सहा लाखवाल्यापेक्षा वेळेवर पोचाल. गंमत म्हणजे क्वार्ट्झ स्वस्त केलं ते सिकोनेच, पण त्यांचं पहिलं क्वार्ट्झ घड्याळ स्वस्त नव्हतं. २५ डिसेंबर १९६९ ला टोकियोत 'अ‍ॅस्ट्रॉन' विक्रीला आलं तेव्हा त्याची किंमत साडेचार लाख येन होती, एका छोट्या मोटारीइतकी. पुढच्या दीड दशकात तेच तंत्र कवडीमोल झालं आणि चावीची घड्याळं बनवणाऱ्या स्विस कारखान्यांतले बहुतेक कामगार घरी बसले. जे कारखाने टिकले, त्यांनी वेळ विकणं सोडून कारागिरी विकायला घेतली. तेव्हापासून महागडं घड्याळ ही वेळेच्या बाजारातली वस्तू राहिलेलीच नाही.

भिंगाखाली काय दिसतं

पुण्यातल्या एका जुन्या पेठेत माझे नेहमीचे घड्याळजी आहेत. जिन्याखालची चार बाय सहाची जागा, काचेचं कपाट, डोळ्याला लावायचं भिंग. एका ओळखीच्याकडून मागून आणलेलं सीमास्टर आणि एक सिको फाइव्ह मी त्यांच्यासमोर शेजारी शेजारी ठेवली. त्यांनी किंमत विचारली नाही. आधी दोन्हींची कडी फिरवून आवाज ऐकला, मग भिंग लावलं.

"काटे बघा," म्हणाले. ओमेगाच्या काट्याच्या कडा भिंगाखाली सुरीसारख्या स्वच्छ. सिकोचे काटे छानच, पण कडेला रंगाचा थर किंचित गोलावलेला. ओमेगाची तबकडी सिरॅमिकची, तिच्यावरच्या लाटा लेझरने कोरलेल्या. बोट फिरवता आलं असतं तर खाच लागली असती. सिकोची तबकडी धातूची, रंग दिलेली. हात लांब करून धरली तर दोन्ही सारखीच देखणी. फरक सुरू होतो तो वीतभर अंतरावरून.

मग त्यांनी दोन्ही पालथी केली. दोन्हींच्या पाठीला काच, आतलं मशीन दिसतं. ओमेगाचं फिरतं वजन लाटांच्या नक्षीने घासलेलं, सिकोचं साधं, सपाट. पण खरा पैसा दिसत नाही अशा जागी गेलेला आहे. ओमेगातली केसासारखी बारीक स्प्रिंग सिलिकॉनची आहे, तिला लोहचुंबक धरत नाही. हे मशीन १५,००० गॉसच्या चुंबकक्षेत्रात तपासलेलं असतं. त्यातली को-अ‍ॅक्सिअल रचना जॉर्ज डॅनियल्स या इंग्लिश घड्याळकाराची. ओमेगाने ती १९९९ मध्ये बाजारात आणली. तिच्यात दाते एकमेकांवर कमी घासतात, म्हणून तेल जास्त काळ टिकतं.

याचा रोजच्या जगण्यात उपयोग? थोडासा. मोबाइलचा स्पीकर, पर्सचं चुंबकाचं बटण, लॅपटॉपचं झाकण, यांच्या शेजारी साधं ऑटोमॅटिक घड्याळ रात्रभर पडलं तर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटू लागतात आणि घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे पळतं. लोक घाबरून 'मशीन गेलं' म्हणतात. घड्याळजी ते एका डबीवर धरून दोन मिनिटांत चुंबकमुक्त करतात, शे-दीडशे रुपयांत. सहा लाखवाल्याला ही वेळ येत नाही, एवढाच फरक.

काचेचा फरक मात्र रोज जाणवतो. ओमेगाची काच सफायरची, काठिण्याच्या मोहस मापावर ९. सिको फाइव्हच्या बहुतेक मॉडेलांत कंपनीची 'हार्डलेक्स' नावाची खनिज काच असते, ती बरीच खाली. आणि आपल्या अंगणातल्या, समुद्रावरच्या वाळूत गारगोटीचे कण असतात, त्यांचं काठिण्य ७. म्हणजे भिंतीला किंवा ओट्याला घासलं की हार्डलेक्सवर ओरखडा उमटतो, सफायरवर नाही. अर्थात घड्याळजी सिकोला बाहेरची सफायर काच दीड-दोन हजारांत बसवून देतात. वीसपट फरकातला एक मुद्दा असा दोन हजारांत मिटतो.

पाऊस, घाम आणि 'मीटर'

ओमेगावर ३०० मीटर लिहिलंय, सिको फाइव्ह स्पोर्ट्सवर १००. हे आकडे म्हणजे तेवढं खोल जाण्याचा परवाना नव्हे. प्रयोगशाळेत स्थिर दाबाखाली केलेल्या चाचणीचं ते माप आहे. व्यवहारात असं धरा : ३० मीटर म्हणजे हात धुताना उडालेलं पाणी आणि पावसाचे शिंतोडे. ५० म्हणजे थोडं भिजणं. १०० म्हणजे पोहणं. टाकी पाठीला बांधून बुडी मारायची तर २०० मीटर आणि सोबत 'डायव्हर्स' हा शब्द हवा.

सिको फाइव्ह स्पोर्ट्स दिसतं पाणबुड्याच्या घड्याळासारखं, पण ते पाणबुड्याचं घड्याळ नाही. तारकर्लीला स्कूबा करायला निघालात तर ते खोलीवर ठेवा. ओमेगा न्यायला हरकत नाही, छाती असेल तर.

दोन्हींना लागू असलेली गोष्ट अशी की पाणी अडवतं ते रबराचं वायसर, आणि रबर वर्षागणिक कडक होतं. कोकणातली खारी हवा, मुंबईचा घाम, गरम पाण्याची आंघोळ या तिन्हींनी ते लवकर म्हातारं होतं. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, दाबचाचणी करून घ्या. काही शे रुपयांचं काम आहे. काचेच्या आत धुकं दिसलं तर घड्याळ तांदळाच्या डब्यात खुपसू नका, त्याच दिवशी उघडायला न्या. गंज काट्यांना लागायला आठवडा पुरतो.

सर्व्हिसिंग : खरी पट्टी इथे

चावीचं किंवा ऑटोमॅटिक घड्याळ म्हणजे तेलावर चालणारं यंत्र. तेल सुकतं. ओमेगा साधारण पाच ते आठ वर्षांनी संपूर्ण सर्व्हिसिंग करायला सांगते. त्यात मशीन सुटं करून धुणं, झिजलेले भाग बदलणं, तेल, वायसर, पॉलिश, चाचण्या सगळं आलं. कंपनीच्या केंद्रात या वर्गाच्या घड्याळाला आजच्या भावाने साठ-सत्तर हजार धरून चाला. घड्याळ काही आठवडे हातात नसतं. म्हणजे एका सर्व्हिसिंगमध्ये दोन सिको फाइव्ह येतात. पॉलिश नको असेल तर देतानाच लेखी सांगा. दरवेळी घासलं की कडा गोल होतात आणि जाणकार गिऱ्हाईक भाव पाडतो.

सिकोचं गणित वेगळंच आहे. "हे मशीन मी खोलून धुऊन तेल घालून देईन," घड्याळजी म्हणाले, "पण माझी दिवसभराची मजुरी आणि नवीन मशीन, दोन्ही सारख्याच पैशात पडतं." सिको याच कुळातलं मशीन एनएच३६ या नावाने सुटंही विकते. चार-सहा हजारांत नवीन मशीन येतं आणि तासाभरात बसतं. स्वस्त घड्याळाची दुरुस्ती म्हणजे हृदयच बदलणं. व्यवहाराला हे उत्तम. पण 'माझ्या बाबांचं तेच घड्याळ' ही भावना जपायची असेल, तर जे मशीन खोलून पुन्हा बसवणं परवडतं तेच पिढ्यान् पिढ्या चालतं. महागड्या घड्याळाचा हा दावा खरा आहे, फक्त त्याची फी वेगळी भरावी लागते.

दहा वर्षांची वही

आता आकडे. तिन्ही घड्याळं दहा वर्षं रोज वापरली असं धरू.

ओमेगा सीमास्टर
खरेदी : ६,००,०००
एक सर्व्हिसिंग : ६५,०००
दहा वर्षांनी विकल्यास, मूळ पेटी-बिल-कार्डासह, जपून धरलेला भाव : ३,००,००० वजा
निव्वळ खर्च : ३,६५,०००
रोजचे : १०० रुपये

सिको फाइव्ह स्पोर्ट्स
खरेदी : ३०,०००
नवीन मशीन, काच, पट्टा : ८,०००
विक्री : ८,००० वजा
निव्वळ खर्च : ३०,०००
रोजचे : सव्वाआठ रुपये

सेलवरचं साधं घड्याळ
खरेदी : ३,०००
पाच सेल आणि दोन पट्टे : २,०००
विक्री : शून्य
निव्वळ खर्च : ५,०००
रोजचे : दीड रुपयाच्या आत

रोज शंभर, म्हणजे एक मिसळ. ऐकायला परवडणारं वाटतं, आणि शोरूममधला चतुर विक्रेताही तुम्हाला हेच गणित करून दाखवेल. तो एक ओळ गाळेल. हेच सहा लाख साडेसहा टक्क्यांच्या मुदत ठेवीत ठेवले असते, तर दहा वर्षांनी, प्राप्तिकर बाजूला ठेवून, सव्वाअकरा लाखांच्या वर झाले असते. म्हणजे सव्वापाच लाखांचं व्याजही तुम्ही मनगटावर बांधलंत. ते मिळवलं तर रोजचा आकडा अडीचशेच्या जवळ जातो. तीस हजारांवर हाच नियम लावला तर सिकोचा रोजचा खर्च सव्वाआठवरून पंधराच्या आसपास जातो, कटिंग चहाच्या हिशेबात.

हप्त्याने घेण्याचा विचार असेल तर तोही मांडून पाहा. सहा लाख, चौदा टक्के, दोन वर्षं : महिन्याला सुमारे २८,८०० रुपये आणि एकूण व्याज ९१,०००च्या पुढे. म्हणजे तीन सिको फाइव्ह फक्त व्याजात. घड्याळ ही हप्त्याने घ्यायची वस्तू नाही, याहून जास्त मी काही सांगत नाही.

आणि 'घड्याळ ही गुंतवणूक आहे' या वाक्यापासून सावध. काही ठरावीक ब्रँडची ठरावीक मॉडेलं शोरूममध्ये सहज मिळत नाहीत, म्हणून बाहेर चढ्या भावाने जातात. बहुतेक महागडी घड्याळं दुकानाबाहेर पडताक्षणीच उतरतात. वरच्या वहीत मी निम्मी किंमत धरली आहे. जास्त मिळाली तर बोनस समजा.

कर, कस्टम आणि दुबईचा नातेवाईक

शोरूमच्या छापील किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो. स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांच्या गटाशी झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. त्यानुसार स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरत जाणार आहे. ब्रँड ती कपात गिऱ्हाइकापर्यंत किती येऊ देतात ते दरवर्षी भाव विचारूनच कळेल. घाई नसेल तर थांबण्यात तोटा नाही.

दहा लाखांवरच्या घड्याळावर एप्रिल २०२५ पासून विक्रेता एक टक्का टीसीएस कापून घेतो. तो प्राप्तिकर विवरणात वळता करता येतो. आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेणं विक्रेत्याला कायद्याने मना आहे. कुणी 'कॅश दिलीत तर बिलाशिवाय कमी करतो' म्हणाला, तर तो तुमची हमी आणि पुढची विक्री दोन्ही कापतोय.

दुबईचा भाऊ किंवा जिनेव्हाला गेलेली मैत्रीण घड्याळ आणू शकते, तिथला भाव कमीही असू शकतो. पण येताना मुक्त मर्यादेपेक्षा महाग वस्तू लाल मार्गिकेत जाहीर करून शुल्क भरावं लागतं. ते मिळवून मग तुलना करा. 'हातात घालून ये, कोण बघतंय' हा सल्ला देणारा विमानतळावर तुमच्या शेजारी उभा नसतो.

सेकंड हँड आणि फर्स्ट कॉपी

अधलामधला मार्ग म्हणजे वापरलेलं घड्याळ. इथे नियम एकच : घड्याळाआधी विकणारा पारखा. पेटी, बिल, हमीचं कार्ड, कार्डावरचा आणि घड्याळावरचा क्रमांक जुळणं, आणि शेवटच्या सर्व्हिसिंगची पावती. पावती नसेल तर किमतीत सर्व्हिसिंगचे साठ हजार मिळवूनच भाव बोला.

जुन्या स्वस्त घड्याळांतही फसगत आहे. जुन्या सिकोच्या तबकड्या भडक रंगांत नव्याने रंगवून, मिळतील ते भाग जोडून विकलेल्या घड्याळांना जगभरचे शौकीन 'मुंबई स्पेशल' म्हणतात. आपल्या शहराचं नाव असं गाजलंय. चालायला ती चालतात, हौसेला स्वस्तही असतात, फक्त 'अस्सल जुनं' म्हणून पैसे मोजू नका.

आणि फर्स्ट कॉपी. पाच-आठ हजारांत ओमेगाचं नाव मिळतं, पण आत अनामिक मशीन, पाण्याची हमी नाही आणि दुरुस्तीला कंपनीचं दार बंद. त्याच पैशात टायटनचं किंवा कॅसिओचं खरं घड्याळ येतं, त्याचं सर्व्हिस सेंटर तालुक्याच्या गावीही सापडतं. नकली घड्याळ घालणाऱ्याला रोज एक माणूस ओळखतो, तो स्वतः.

दुकानात जाण्याआधी

मनगटाचं माप घ्या. ओमेगाचा व्यास ४२ मिलिमीटर, सिकोचा बहुतेक मॉडेलांत त्याच्याच आसपास. बारीक मनगटावर दोन्ही थाळीसारखी दिसतात. शर्टाची बाही घालून बघा.

स्वस्त ऑटोमॅटिक घेताना कडीवरची, तबकडीवरची आणि काट्याची बाराची खूण एका रेषेत आहे का ते स्वतः बघा. नसेल तर दुसरा नग मागा. ऑनलाइन घेतलंत तर ही निवड करता येत नाही.

एकाहून जास्त घड्याळं आलटून पालटून घालणार असाल तर मशीन किती तास टिकतं ते विचारा. सीमास्टर ५५ तास, सिको फाइव्ह ४१. शुक्रवारी रात्री काढून ठेवलंत तर सोमवारी सकाळी दोन्ही बंद असतील. सेलवरचं चालूच असेल.

हमी नीट वाचा. ओमेगाची आंतरराष्ट्रीय हमी पाच वर्षांची आहे. इतरांची मुद्दाम विचारून बिलावर लिहून घ्या.

महाग घड्याळ घेतलंत तर घरविम्यात ते वेगळं नोंदवा आणि विचारा, लोकलमध्ये गेलं तर भरपाई मिळते का. 'फक्त घरातून चोरी झाल्यास' असं उत्तर आलं तर विमा कशाचा, ते समजून घ्या.

भाच्याने काय घेतलं

त्याने सिको घेतलं, उरलेले पैसे ठेवीत टाकले. मला वाटलं विषय संपला. महिन्याभराने मेसेज आला : "मामा, रोज बारा सेकंद पुढे जातंय." कंपनीच्या मर्यादेच्या आतच होतं. मी लिहिलं, रात्री काढून ठेवताना कधी तबकडी वर, कधी चावी खाली, असं ठेवून बघ. पडून राहण्याच्या पद्धतीवर चाल बदलते. तिसऱ्या दिवशी त्याचा तक्ता आला, तारीखवार. चावी खाली ठेवली की रात्रीत चार सेकंद मागे. तो आता बारा सेकंद दिवसा मिळवतो आणि रात्री थोडे फेडतो.

ज्याला वेळ बघायची होती, त्याने बारा सेकंदांची तक्रार केली असती. हा तक्ता बनवतोय. दहा वर्षांनी ठेव पिकेल तेव्हा हा कदाचित पुन्हा दोन फोटो पाठवेल, आणि त्या वेळी मी त्याला ओमेगा घे म्हणेनही. रोजच्या शंभर रुपयांत आपण नेमकं काय विकत घेतोय, हे तोवर त्याला माझ्याहून चांगलं कळलेलं असेल.